ढोलीची भिंत कोणी बांधली?

एका जंगलात एक वानर राखणदारी करत असे. एका जुन्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंडे उबवत बसली होती, ते झाड त्याने सांभाळायचे. ढोलीचे तोंड चिखलाने लिंपलेले होते, चोच मावेल एवढीच फट उघडी. ती बघायला रोज गर्दी होई. मग घुबडगुरुजींनी घोकून घेतलेले शास्त्र वानर ताठ उभा राहून म्हणून दाखवी, "प्रजननकाळात सदर पक्ष्यांमध्ये ढोलीबंदी आढळते." ससे तर, मुलांनो, उभ्या उभ्या झोपत.

त्या जांभयांतूनच अफवा उठली, की धनेशाने बायकोला कोंडून घातले आहे. अस्वल संतापले. "उद्या येतो आणि भिंतच फोडतो," असे बजावून ते गेले. वानर धावत घुबडाकडे गेला. "भिंत फुटली तर साप अंडं खाईल, गुरुजी. मी रोज सांगतो, पण कोणाच्या डोक्यात शिरत नाही."

घुबड जरा वरमले. "मी तुला शास्त्र शिकवलं, सांगायला शिकवलंच नाही. आता आधी त्यांना विचार, मग बघायला लाव. आपलं तोंड शेवटी उघड." मग घुबड स्वतः अस्वल झाले आणि सराव सुरू झाला. वानराने घाईने तोंड उघडले की त्याला एक टोच मिळे. बिचाऱ्याने बऱ्याच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी अस्वल आले, मागे सगळे जंगल. घोकलेले वाक्य वानराच्या ओठांवर आले, ते त्याने गिळले. "अस्वलदादा, ही भिंत कोणी घातली असेल?"

"त्या धनेशाने, आणखी कोणी?" अस्वलाने नख मारले. एक ढेकूळ खाली पडले.

"आता जरा थांबा आणि तिथेच बघा."

आतून चोच आली आणि पडलेली जागा पुन्हा लिंपू लागली. अस्वलाचा पंजा वरच राहिला. "अरे, ही तर आतूनच बांधतेय."

"हो. साप येऊ नये म्हणून तिनेच दार लावून घेतलंय. वेळ झाली की तीच उघडेल." तेवढ्यात धनेश आला आणि त्याने फटीतून उंबर आत सरकवले. आज एकही ससा झोपला नाही.

तेव्हापासून अस्वल त्या झाडाखाली पहाऱ्याला बसू लागले. एका सकाळी भिंत आतून फुटली, आई बाहेर आली आणि तिच्यामागे गुबगुबीत पिल्लू. सारे जंगल आनंदाने नाचले. वानराला अस्वलाने खांद्यावर घेतले, आणि घुबड भर उन्हात डोळे उघडे ठेवून ते बघत राहिले.

तात्पर्य : ज्ञान नुसते ऐकवू नये, दाखवावे, जे स्वतः पाहून पटते, ते माणूस स्वतःहून जपतो.