रेवा कासवीचा नमस्कार

फार मागची गोष्ट. एका तळ्यातली सगळी कासवं रोज पहाटे मोठ्या खडकावर चढून सूर्याला नमस्कार करत. थोरलं कासव मंत्र सांगे, बाकीची मागून म्हणत. रेवा नावाच्या कासवीने हा नेम कधी चुकवला नव्हता.

एकदा खडकाकडे जाताना तिला पायवाटेवर टिटवीची चार अंडी दिसली. पाण्यावर निघालेला गाईंचा कळप समोरून येत होता आणि टिटवी रडकुंडीला आली होती. रेवा अंड्यांच्या पुढ्यात जाऊन बसली. तिला दगड समजून गाई बाजूने निघून गेल्या. मग अंड्यांतून पिल्लं बाहेर येईपर्यंत रोज पहाटे तिथेच बसायचं तिने ठरवलं.

"नेम मोडलास. आता खडकावर पाऊल ठेवू नकोस," थोरल्या कासवाने बजावलं.

रेवाला वाईट वाटलं, एकटं पडायची भीतीही वाटली. पण दुसऱ्या पहाटे कोवळं ऊन तिच्या पाठीवर आलं आणि कोणी न सांगता तिची मान आपसूक लवली. मनाला फार बरं वाटलं.

पिल्लं दुडुदुडु धावू लागली, तेव्हा थोरलं कासव स्वतः तिला न्यायला आलं.

"झालं गेलं विसरू. चल परत."

"भेटायला येईनच की आजोबा," रेवा म्हणाली. "पण नमस्कार मी इथूनच करीन. इथे बसलं की आल्यागेल्याकडे लक्ष राहतं."

थोरल्या कासवाने वाटेवर बागडणाऱ्या पिल्लांकडे पाहिलं. मग हळूच म्हणालं, "माझ्यापुरती जागा होईल का गं इथे?"

रेवा जराशी सरकली.