पिवळीच्या हक्काचा सहा

सोंगट्या बोलत असत, तेव्हाची गोष्ट. सहाचे दान पडल्याशिवाय सोंगटीला घराबाहेर निघता येत नसे. बाकीच्या सोंगट्या अर्धा पट चालून गेल्या. पिवळी आणि निळी मात्र घरातच अडकल्या होत्या.

पिवळी फाशाला म्हणाली, "किती वाट बघायची? आता तरी सहावर माझा हक्क आहे."

फासा दमून गेला होता. "बाई, मागचं दान मला आठवत नाही. दर वेळी माझ्या सहा बाजू, त्यातली एकच तुझी. तुझं थांबणं मी कुठे मोजू?"

फासा पडला. सहाच आले.

"बघ, शेवटी न्याय झालाच," म्हणत पिवळी ऐटीत निघाली.

निळी रडवेली झाली. "सहा तर आत्ताच येऊन गेले. आता माझं काही खरं नाही."

पुन्हा समजावण्याचे त्राण फाशात उरले नव्हते. तो घरंगळला आणि सहा वर करून आडवा झाला.