चांदुली आणि माळावरचे लांडगे

"हिच्याच पायगुणानं लांडगे आले, जाऊबाई!" झुडपाआड सासू हरिणी कुजबुजली. कळपात नुकत्याच आलेल्या सुनेनं, चांदुलीनं, ते ऐकलं.

माळावर माणसाची पायवाटही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एकाच ओढ्याकाठी बसून कळपानं गवत मुळापर्यंत खाल्लं होतं; पाडसं उपाशी होती. तोच लांडगे धावून आले! कळप उधळला, टेकड्यांमागून टेकड्या ओलांडत पावसाळाभर पळत पळत चरला. परतला तेव्हा ओढ्याकाठी छातीएवढं गवत डुलत होतं!

"आता हिला हाकला, म्हणजे लांडगेही टळतील," सासू म्हणाली. "मग जन्मभर इथंच बसून खाऊ!"

चांदुलीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मला खुशाल हाकला, सासूबाई. पण लांडगे गेले की हे गवत तुम्ही पुन्हा बसल्या जागी संपवाल. तेव्हा कुणाच्या नावानं बोटं मोडाल?"