जावांच्या खिंडीचं माप

एका डोंगरावर एक गाव होतं, आणि ते गाव सोडून सात वर्षं दूर देशी शिकायला गेलेली एक मुलगी होती. तिचं नाव शलाका. शिक्षण संपवून ती परत निघाली, तेव्हा तिला वाटलं होतं की गाव आपली वाट बघत असेल. आजारी माणसाला अजूनही डोलीत घालून चार माणसं धापा टाकत डोंगर उतरत असतील. आपण जाऊ, गाडी नेऊ आणि ती डोली कायमची खुंटीला टांगू. ती पोचली तेव्हा डोली आधीच खुंटीला टांगलेली होती. तिच्यात एक कोंबडी अंडी घालून बसली होती.

डोली टांगली होती वनिताने. ही शलाकाच्याच वयाची, शाळेत तिच्याच बाकावर बसणारी. दहावीनंतर ती गावातच राहिली. तिचे वडील दाजी हे गावचे डोलीवाले. गुडघे गेल्यावर त्यांनी खांद्यावरची डोली उतरवली, आणि वनिताने समुद्रकाठून एक जुनी एटीव्ही आणली. एटीव्ही म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल आणि खाली जाडजूड चार चाकं. खडक असो, चिखल असो, ती आपली चालत राहते. पर्यटकांना वाळूत फिरवून फिरवून त्या गाडीचा रंग उडाला होता आणि सीट फाटली होती. वनिताने तिला होडीचा उरलेला निळा रंग दिला. तो पुढच्या एका चाकापाशी संपला, म्हणून तेवढा भाग पिवळा रंगवला. मागे फणसाची फळी बसवली, तिला धरायला दोर लावले आणि हँडलला डोलीची जुनी घंटा बांधली. गाडी घुं घुं करत, मान हलवत चढ चढायची. गावाने तिचं नाव ठेवलं रेडकू.

शलाकाने मोठ्या तळमळीने आपल्या वर्गातल्या मित्रमैत्रिणींना गावाची हकिगत सांगितली होती. त्यांनी वर्गणी काढून दिली होती. तिची एटीव्ही कोरी करकरीत होती, दुप्पट ताकदीची. ती वर आली तेव्हा सगळं गाव बघायला जमलं. लोकांनी गाडीवरून हात फिरवला, शलाकाचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले, बरं झालं, रेडकाला जोडीदार आला.

खरं तर शलाकाला आनंद व्हायला हवा होता. जे काम करायला ती आली होती, ते आधीच सुरू झालं होतं. पण तिला आनंद झाला नाही. स्वयंपाकाची सगळी तयारी करावी आणि पाहुणे शेजारी जेवून आलेले निघावेत, तसं तिला झालं.

पुढे तर रोजच झोंबू लागलं. कुणाला ताप आला की वनिताला हाक. कुणाच्या कमरेत उसण भरली की वनिताला हाक. वनिता दुसऱ्या फेरीत असली तरच कुणीतरी शलाकाच्या दारात यायचं आणि विचारायचं, ती दुसरी आहे का मोकळी? वनिताच्या गाडीला नाव होतं. शलाकाच्या गाडीला गाव नुसतं म्हणायचं, ती दुसरी.

शलाकाने मनाशी ठरवलं, आपलं काम कमी पडत नाही, रूप कमी पडतंय. त्या निळ्यापिवळ्या ठिगळाला लोक भुलतात, तर आपण त्यांचे डोळे दिपवू.

तिने तालुक्याच्या गावाहून रंगारी बोलावला. गाडी पोपटी झाली. तिच्या अंगावर केशरी ज्वाळा आल्या आणि त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत नाव आलं, संजीवनी. मग दिव्यांच्या रंगीत पट्ट्या आल्या. पाच सुरांचा हॉर्न आला. वर फायबरचं छप्पर आलं, त्याच्या चार कोपऱ्यांना झेंड्यांच्या काठ्या आल्या. एवढं झाल्यावरही गाडी तिला बारीक वाटू लागली. तेव्हा वेल्डरला सांगून दोन्ही बाजूंना चकचकीत नळ्यांचे गार्ड लावायचं तिने नक्की केलं.

आता या गावाची एक रीत सांगायला हवी. गावापलीकडे धनगरवाडा आहे. तिकडे जायला एकच वाट, आणि त्या वाटेवर दोन कातळांमधली एक अरुंद फट. तिला म्हणतात जावांची खिंड. जुनी गोष्ट अशी की एका घरच्या दोन जावा देवीची ओटी भरायला निघाल्या. आधी कोण, यावरून दोघी एकदमच खिंडीत घुसल्या आणि खांद्याला खांदा लागून तिथेच अडकल्या. ओटीतले तांदूळ चिमण्यांनी खाल्ले, तरी एकही मागे सरेना. तेव्हापासून गावाने खिंडीच्या रुंदीची चिव्याच्या बांबूची एक काठी करून ठेवली. नवी डोली करायची असो की लग्नाचा मांडवखांब न्यायचा असो, आधी ती काठी लावून बघायची. काठी दाजींच्या पडवीत आढ्याला अडकवलेली असे.

गार्डची गोष्ट कानावर आली तशी वनिता काठी घेऊन शलाकाकडे आली.

"गार्ड लावतेस तर ही ने गो वेल्डरकडे," ती म्हणाली. "फळी बसवताना मी पण हिच्यावरच बेतली."

"माझ्याकडे कंपनीचं माप आहे," शलाका म्हणाली. "आणि माझी गाडी खिंडीतून जाऊन आलीय."

ते खोटं नव्हतं. कोरी गाडी एकदा खिंडीतून गेली होती, दोन्हीकडे चार चार बोटं राखून. पण तेव्हा तिला गार्ड नव्हते. वनिताने एवढंच म्हटलं की काठी इथे ठेवते, लागली तर वापर. ती गेली. शलाका मनात म्हणाली, हिला बघवत नाहीये. आपल्या पोटात दुखत असलं की माणसाला शेजाऱ्याचंच पोट दुखताना दिसतं. काठी दोन दिवस दाराशी पडून राहिली. तिसऱ्या दिवशी शलाकाने ती परत पाठवून दिली.

गार्ड लागले. सजलेली गाडी शलाकाने गावातून दोनदा फिरवली. लोक अंगणात येऊन उभे राहिले. ताराकाकू, जिच्या जिभेला गाव वचकून असे, तिने गाडीला चहूबाजूंनी निरखलं आणि म्हणाली, "छान हो, बाय. वरातीला कामी येईल."

सगळे हसले. वनिताही हसली. ते हसणं शलाकाच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

आठवडाभराने, भर दुपारी, धनगरवाड्यावरचा बाबू झोरे धावत आला. धनगरवाड्याकडून येताना पहिलं घर शलाकाचं. अंगणात पोपटी गाडी लखलखत उभी होती. बाबू तिच्याजवळून पुढे निघाला. शलाकाने त्याला थांबवून काय झालं ते विचारलं.

"वहिनीला फुरसं चावलं. गवत कापताना, हाताला," तो धापा टाकत म्हणाला. "वनिताताई आहे ना घरी?"

एवढं बोलून तो वनिताच्या घराकडे पळाला.

फुरसं हा बोटभर जाडीचा साप, पण त्याचं विष रक्तात भिनलं की माणूस हाती लागत नाही. दवाखाना डोंगराच्या पायथ्याशी. एक एक मिनिट मोलाचं होतं. हे शलाकाला पुरतं ठाऊक होतं. दूर देशी ती हेच शिकली होती. पण त्या क्षणी तिच्या मनात बाबूची वहिनी रखमा नव्हती आणि साप नव्हता. तिच्या मनात एकच गोष्ट होती. हा माझ्या दारावरून पुढे गेला.

तिने गाडी सुरू केली. वनिताच्या आधी पोचायचं, एवढंच तिने धरलं. ती भरधाव निघाली. खिंड दिसली तरी तिने वेग म्हणावा तसा कमी केला नाही. लोखंड कातळावर करकरलं आणि गाडी थांबली. डावा गार्ड डाव्या कातळात रुतला, उजवा उजव्यात. मागे घ्यावी तर नळ्यांची वाकलेली टोकं खडकात अडकलेली. चाकं जागच्या जागी फिरू लागली. धडपडीत तिचा हात हॉर्नवर पडला आणि पाच सुरांत वरातीची धून त्या खिंडीत घुमली.

मागून घंटा ऐकू आली. वनिता आली होती, तिच्या मागे फळीवर बाबू होता. रेडकू खिंडीच्या तोंडाशी थांबलं. पुढे जायला आता वाट नव्हती. पलीकडून धनगरवाड्याची माणसं रखमाला घोंगडीत घालून खिंडीपर्यंत घेऊन आली होती. तिचा हात कोपरापर्यंत सुजला होता. अलीकडे रेडकू होतं, पलीकडे रुग्ण होता, आणि मध्ये संजीवनी अडकून बसली होती.

शलाकाला वाटलं, आता वनिता बोलेल. पण वनिताने संजीवनीवर चढून पलीकडे बघितलं. एकच अडचण होती. रखमाला गाडीवरून हातोहात अलीकडे घेता आलं असतं, पण वरचं छप्पर आड येत होतं.

शलाकाने वाटेतला दगड उचलला आणि आपलं नवंकोरं छप्पर स्वतःच्या हाताने फोडलं. मग एका झेंड्याची काठी उपटून तिने रखमाच्या हाताला बांधली, हात हलू नये म्हणून. हेही ती शिकली होती. इतका वेळ ते आठवलं नव्हतं.

"डोकं तू धर," वनिता म्हणाली. "हात हलू देऊ नको."

केशरी ज्वाळांवरून रखमा हातोहात अलीकडे आली आणि फणसाच्या फळीवर टेकली. शलाका तिच्याशेजारी, मागच्या बाजूला, दोर धरून बसली. घंटा वाजत राहिली आणि रेडकू मान हलवत डोंगर उतरलं.

डॉक्टरांनी सुई दिली. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन ते म्हणाले की बाई वाचली, पण आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. बाबू वनिताच्या पाया पडू लागला. रेडकू होतं म्हणून वहिनी वाचली, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तेव्हाही, तिथेही, शलाकाच्या मनात एक बारीकशी कळ उठली. एक बाई मरता मरता वाचली होती, आणि हिला सलत होतं ते नाव कुणाचं निघालं हे. ती कळ ओळखून शलाका हादरली. खिंडीत अडकण्यापेक्षा हे अडकणं वाईट, असं तिला वाटलं.

संध्याकाळी गावाने दोर लावून संजीवनी मागे ओढून काढली. अर्धा रंग कातळाला लागून राहिला. ताराकाकू तिथे होतीच. ती म्हणाली, "खिंडीत दोन जावा होत्या. आता तिसरी झाली."

यावर वनिता हसली नाही. शलाकाने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाका दाजींच्या पडवीत गेली. तिने आढ्याकडे बोट दाखवून काठी मागितली. दाजींनी लेकीकडे बघितलं. वनिताने काठी काढून दिली आणि कोपऱ्यातली लोखंड कापायची करवतही पुढे केली. दोघींनी मिळून काठीच्या मापाने गार्ड कापले. कापलेल्या नळ्यांचं शलाकाने स्ट्रेचर करायचं ठरवलं, दोन्ही गाड्यांवर बसेल असं. हॉर्न काढला. पट्ट्या काढल्या. ती रंग खरवडायला लागली तेव्हा वनिताने तिचा हात धरला.

"रंग राहू दे. लांबून दिसते गो. शोधणाऱ्याला बरं."

मग शलाकाने फक्त नाव खरवडलं. निळा रंग संपलेलाच होता. डब्याच्या तळाशी थोडा पिवळा होता. त्यात कुंचला बुडवून तिने संजीवनीच्या जागी आपल्या हाताने एकच शब्द लिहिला, दुसरी. वनिताने भुवया वर केल्या.

"लोक तेच म्हणतात," शलाका म्हणाली. "आजपासून हाक आधी तुला. तू नसशील तिथे मी, आणि तू असशील तिथे तुझ्या मागे मी. खिंडीतून एका वेळी एकच जाते."

तात्पर्य: मत्सराने सजवलेलं वाहन ऐन वेळी आपलीच नव्हे, सगळ्यांची वाट अडवतं; मापायची तर वाट मापावी, शेजारीण मापू नये.