दसऱ्याचे हार

सूतगिरणीतला संप दसरा उलटला तरी मिटेना, तेव्हा मालकांनी कामगारांच्या पुढारी शेवंताबाई मगदूम यांना बोलणी करायला बोलावलं. पगारवाढ कशी नाकारायची, हे कामगार अधिकारी बोरकरांनी मालकांना सकाळीच पढवलं होतं.

"नफा वाढला तो नव्या मशिनींमुळे," मालक म्हणाले. "म्हणून तर परवा त्यांनाच हार घातले. तुम्ही नुसती बटणं दाबता."

शेवंताबाईंनी चहा संपवला. "खरं आहे, साहेब. पण संपावर आम्ही आहोत, मशिनी नाहीत. त्या हार घालून आतच बसल्यात की. मग आम्हाला कशाला बोलावलंत?"

मालक शेजारी बसलेल्या बोरकरांकडे वळले. "बोला बोरकर, मुद्दा तुमचाच होता ना?"

बोरकरांचे कान तापले. शेवंताबाईंकडे बघायची हिंमत होईना.

"साहेब, वाढ द्यावी लागेल," ते खालमानेनं म्हणाले.