खाडीच्या तोंडचा पांढरा खडक

तो बघा, डाव्या हाताला, खाडीच्या तोंडाशी. बगळा नव्हे हो, खडक आहे! सगळा किनारा काळाकुळकुळीत आणि हा एकटाच पांढराशुभ्र. आधी हाही काळाच होता, असे सांगतात.

वरच्या वाडीचे लोक त्याला देव मानायचे. खालच्या वाडीच्या होड्या त्याच्यावर आपटून फुटायच्या, म्हणून खालच्यांना तो फोडायचा होता. आवडी नावाच्या एका बाईचे माहेर वरचे, सासर खालचे, आणि टोमणे दोन्हीकडचे. एके दिवशी खालचे घण घेऊन निघाले आणि वरचे कोयते घेऊन वाटेत उभे राहिले.

आवडीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. तिचा नवरा बुधाजी पहाटेच मासेमारीला गेलेला, आणि दुपारी आभाळ फिरले. वारा उलटा, पाणी काळे. ती किनाऱ्यावर जायची, परत यायची, पुन्हा जायची. आणि इथे या बाप्यांचा तमाशा! शेवटी ती मध्येच घुसली.

"बाबा, तुमचं कोण आहे पाण्यात?" तिने बापाला, हाशाला, विचारले.

"दोन्ही पोरं."

"मामा, आपलं?" सासरा नाथाने हातातला घण खाली ठेवला. बुधाजी त्याचाच ना!

"मग देव का धोंडा, ते उद्या भांडा. होड्या आत्ता यायच्यात. चुना फासून तो त्यांना लांबून दिसायला हवा की नको?"

नको कोण म्हणणार?

"पण देवाला चुना?" हाशा पुटपुटला.

"देवळाला फासताच की!"

वरच्या वाडीत शिंपले भाजून चुना करायचे. खालच्यांच्या दोन लहान होड्या किनाऱ्याला होत्या. मडकी भरभरून चुना नेला आणि हातांनीच खडकाला फासला. साऱ्यांचे हात पोळले म्हणे. आवडी तर खडकावरून उतरेचना, तिला ओढून होडीत बसवावे लागले.

त्या गढूळ उजेडात पांढरा ठिपका बघून दोन्ही वाड्यांच्या होड्या सुखरूप आत आल्या. हाशाची पोरे आली. बुधाजीची होडी आली नाही.

पुढे वाड्यांचे एकमत झाले म्हणाल, तर छे! वरचे अजून नारळ वाहतात, खालचे अजून शिव्या घालतात. पण दर नारळी पौर्णिमेच्या आधी चुना वरच्यांचा आणि होडी खालच्यांची. आणि हळदीकुंकवाला आपण जिला बोलावत नाही ना, समुद्राने जिचा माणूस नेला, ती बाई आजही खडकावर पहिली उतरते. तिचा हात लागेपर्यंत कोणी मडक्याला शिवत नाही.

गेल्या वर्षी माझी सून उतरली होती.