आवाज कुरतडणारी उंदरीण

एका राज्यात, शेवटच्या टेकडीवर, दोन बायकांचं भांडण जुंपलं होतं. आणि टेकडीखालचं सगळं राज्य मुकं झालं होतं.

"दे म्हणते ना!" राणी इरावती ओरडली.

"नाही देत." भिवराई म्हातारी दारात पाय पसरून आडवीच बसली होती.

"मी राणी आहे!"

"असशील. माझ्या उंदरांना मुकुटाचा वास येत नाही."

"चेटकीण! तुझ्या उंदरिणीनं माझं घर खाल्लं!"

"माझी उंदरीण तुझ्या नवऱ्यानं नेली, बाई. मी दिली नव्हती. माझ्या माथी मारू नकोस."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच राणीचा आवाज चढत होता. बोलता बोलता तिचा हात पदराच्या गाठीकडे जाई आणि चटका बसल्यासारखा मागे येई. त्या गाठीत काय होतं, ते ती म्हातारीला सांगणार नव्हती.

भिवराईच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या उंदरं पाळत. माणसाच्या खांद्यावर बसून जेवणारी, हाक मारली की येणारी उंदरं. लांबलांबून लोक ती मागायला येत, आणि भिवराई आधी त्यांचं घर बघून येई. मांजर आहे का? घरात दिवसभर कोण असतं? पोरं हाताळतील की आपटतील? उत्तरं पटली तर एका वेताच्या दोन बहिणी द्यायची. नाही पटली तर एकही नाही. एकटी तर कधीच नाही.

राजकन्या कुमुदला उंदीर हवासा वाटला. राजानं शिपाई धाडले. "घर बघितल्याशिवाय देत नाही," म्हातारी म्हणाली, आणि शिपाई पोट धरून हसले. राजवाडा बघायला निघाली म्हातारी! एका पोरीला एक उंदीर पुष्कळ झाला, असं म्हणून त्यांनी गुंज नावाच्या उंदरिणीच्या कुशीतून तिची पांढरी बहीण कवडी उचलली आणि नेली.

राजानं सोन्याचा पिंजरा घडवला. कुमुद थोडे दिवस खेळली, मग विसरली. पोरच ती! पण मोठ्यांचं काय? पिंजरा सोन्याचा, तेव्हा त्याची जागा खजिन्यात, असं कारभाऱ्यानं ठरवलं आणि तळघरात नेऊन ठेवला. कवडीचं वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं. तिच्याकडे कुणी गेलंच नाही, एवढंच.

आणि अंधारात कवडी वाढू लागली.

उंदराचे दात जन्मभर वाढतात. त्यांना कुरतडायला काही लागतं, आणि कुशीला कुणी लागतं. तिथे होतं नुसतं सोनं. तेव्हा कवडीनं वरून ऐकू येणारे आवाज कुरतडायला घेतले.

आधी नगारा गेला. टिपरू आपटे आणि काही होत नसे. मग देवळातली घंटा गेली. विहिरीवरचा रहाट मुकाट फिरू लागला. बायकांच्या बांगड्या, गुरांचं हंबरणं, माणसांचं बोलणं, सगळं एकामागून एक गेलं. पाळण्यातलं पोर तोंड उघडून रडे आणि पाठमोऱ्या आईला कळत नसे. साऱ्या राज्यात एकच आवाज उरला, जमिनीखालून येणारा. कुर्र. कुर्र. कुर्र.

राजा तलवार घेऊन खजिन्यात उतरला. वर आला तेव्हा हातात तलवार नव्हती आणि डोईवरचे केस पांढरे झाले होते. त्याच संध्याकाळी कुमुद अंथरुणाला खिळली. तिचे शब्द गेलेच होते, आता हसू गेलं. जादूचा पिंगळा, ज्याच्या जिभेला अजून दात पोचले नव्हते, तो राणीच्या खिडकीत येऊन म्हणाला, "राणी, ती आता तुझ्या लेकीच्या श्वासाला लागली आहे. श्वासाचा आवाज संपला की श्वासही संपेल. कवडीला बहिणीवाचून कुणी थांबवू शकत नाही."

म्हणून राणी एकटी टेकडी चढून आली होती. निम्म्या चढावर तिचा आवाज परत आला, कारण दात अजून तिथवर पोचले नव्हते.

"तीन कामं कर," भिवराई म्हणाली. "मग गुंजेचं बघू."

"माझी लेक मरते आहे, म्हातारे!"

"म्हणून तर भराभर कर."

पहिलं काम घराचं. राणीनं बांबूच्या कामट्या तासल्या आणि मजल्यामजल्यांचा पिंजरा विणला. भिवराईनं फटीत करंगळी घालून बघितली.

"यातून मान घालतील आणि अडकून मरतील. सोड. पुन्हा वीण."

राणीची बोटं सोलवटली. तिनं पुन्हा विणला, आत कुरतडायला लिंबाच्या काटक्या ठेवल्या, निजायला जुन्या लुगड्याच्या चिंध्या अंथरल्या. तोवर पिंगळा छपरावर येऊन बसला.

"राणी, कुमुदचे हुंदके गेले."

दुसरं काम हाताचं. भिंतीत एक काळं बीळ होतं. "हात आत घाल आणि ठेव. पकडायचं नाही, ओढायचं नाही. त्यांना वाटेल तेव्हा त्या येतील."

राणीनं कोपरापर्यंत हात घातला. आत मिशा सळसळल्या. गार शेपट्या मनगटावरून गेल्या. एका दातानं तिचं नख चाचपलं. कुर्र. तोच आवाज! राणीचं सगळं अंग हात काढ, काढ म्हणून ओरडू लागलं. तिनं दुसऱ्या हातानं स्वतःचाच दंड घट्ट धरून ठेवला. बऱ्याच वेळानं तळव्यात काहीतरी उबदार येऊन बसलं, गोल झालं आणि झोपलं. ती गुंज होती.

"राणी," पिंगळा म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला होता, "कुमुदचं कण्हणं गेलं."

तिसरं काम मरणाचं. भिवराईनं चिंधीत गुंडाळलेली एक जख्ख म्हातारी उंदरीण राणीच्या मांडीवर ठेवली. "दोन-तीन पावसाळे, एवढंच यांचं आयुष्य. घेताना सगळे हसत घेतात. शेवटाला कुणी थांबत नाही. तू थांब."

"इथे? आता? माझं पोर तिकडे..."

"उठलीस तर गुंज नाही."

राणी थांबली. मांडीवरच्या त्या मुठीएवढ्या बरगड्या वर होत होत्या, खाली होत होत्या, आणि प्रत्येक वेळी तिला कुमुदची छाती दिसत होती. वर. खाली. वर. मग काहीच नाही. राणी ढसाढसा रडली, आणि तिला तिचं रडणं ऐकू आलं नाही.

पिंगळा छपरावर होता. चोच उघडत होता, मिटत होता. दात टेकडीवर पोचले होते.

आता कुमुद आहे की गेली, हे सांगायलाही कुणी नव्हतं.

भिवराईनं गुंजेला उचलून राणीच्या पदरावर सोडलं. गुंजेनं पदर हुंगला. गाठीपाशी येताच तिच्या अंगावरचा केस न् केस ताठ झाला आणि ती उडी मारून बिळाच्या तोंडाशी जाऊन थरथरत बसली. भिवराईनं गाठीकडे बोट केलं. म्हातारीच्या डोळ्यात डोळे घालणं राणीला जमेना.

गाठीत सोमल होता. बहीण दाखवून कवडीला बाहेर काढायचं, आणि मग दोघींच्याही पुढ्यात विषाचा घास टाकायचा, असं ठरवून राणी आली होती.

तिनं गाठ उघडली. लांब जाऊन हातांनीच खड्डा खणला, पुडी पुरली, वर धोंडा ठेवला, राखेनं हात चोळून चोळून धुतले. मग परत येऊन भुईवर तळवा पसरून बसली. मुकी, उघडी पडलेली, हरलेली. गुंज आली. तळव्यावरून खांद्यावर चढली.

राणी धावत सुटली. वाटेत पानं हलत होती, कुत्री भुंकत होती, कशाचाच आवाज नव्हता. खजिन्याच्या पायऱ्यांवर तिच्या पावलांनाही आवाज नव्हता. आत अंधार, आणि अंधारात ती. भिंतीएवढी पांढरी पाठ. ताटाएवढे लाल डोळे. रांजणाएवढा जबडा, आणि त्यात काहीतरी बारीक, चांदीच्या दोऱ्यासारखं ताणलेलं. कुमुदचा श्वास.

राणीला पळून जावंसं वाटलं. तिनं बिळात घातला होता तसा हात पुढे केला, उघडा, आणि तसाच ठेवला. मिशा तिच्या तोंडाला लागल्या. दात मनगटावर टेकले.

गुंज हातावरून चालत गेली, त्या भयंकर जबड्यापाशी पोचली आणि बहिणीचं नाक चाटू लागली. मग कान. मग डोळ्यांभोवती.

जबडा सैलावला. दोरा सुटला. पांढरी पाठ ओसरत ओसरत ओंजळीएवढी झाली, आणि राणीनं दोघींना पदरात घेतलं.

वर, लांबवर, एक पोर मोठ्यानं श्वास घेऊन रडलं. मग घंटा वाजली, रहाट करकरला, नगारा दणाणला, आणि सारं राज्य एकदम बोलू लागलं.

राजाही बोलू लागला, आणि दरबारात नवं भांडण उभं राहिलं. कारण भिवराई टोपली घेऊन दारात आली होती.

"दोघींना घेऊन चालले," ती म्हणाली.

"बांबूचं घर मी विणलं आहे, आजी. कामं मी केली आहेत," राणी म्हणाली.

"विष आणलंस तेही तूच."

टेकडीवरून आणलेल्या बांबूच्या पिंजऱ्यात दोघी बहिणी होत्या; त्याला बिलगून कुमुद रडू लागली. राजानं हात वर केला. "आम्ही न्याय करतो. एक म्हातारीनं न्यावी, एक इथे राहावी." दरबार वाहवा म्हणाला. खजिन्यात जाऊन आलेला माणूस, आणि शिकला काय? काही नाही!

पुढे कवडी आणि गुंज त्याच बांबूच्या घरात म्हाताऱ्या झाल्या. कवडी कुमुदच्या मांडीवर गेली, आणि मागे राहिलेल्या गुंजेला कुमुद त्याच दिवशी टेकडीवर तिच्या भावंडांत सोडून आली. पण ते पुढचं. त्या दिवशी भिवराईचा हात टोपलीच्या झाकणावर थांबला आणि भांडण मिटलं, ते राणीच्या एका बोलण्यानं:

"दोघींना घेऊन जा, आजी, माझ्या रडणाऱ्या पोरीची समजूत मी घालीन, पण एकटीचे दात पुन्हा ऐकायची छाती माझ्यात नाही."